गेल्यानंतरचा सराव

फायरवाल्यांच्या घराच्या पॅसेजमध्ये चप्पल कधी दिसायची नाही. पाहुणा असो की जावई, दारात काढलेली चप्पल फायरवाले स्वतः उचलून दारामागच्या कप्प्यात नेऊन ठेवत. "धूर झाला की माणूस पायाकडे बघत नाही," ते सांगत. "चपलेत पाय अडकतो, एक पडतो, त्याच्या अंगावर दुसरा पडतो." त्या घरात धूर आजवर एकदाच झाला होता, दूध उतू जाऊन करपलं तेव्हा. तेव्हाही ते लाल सिलिंडर घेऊन धावत आले, तर बायको ओल्या फडक्याने शेगडी पुसत होती. "आता तो डबा माझ्या दुधावर सोडू नका," एवढंच तिने सुनावलं.

आग विझवायच्या सिलिंडरांची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत ते तरुणपणी लागले आणि साठी जवळ आली तरी तिथेच होते. ऑफिसं, गोदामं, दवाखान्यांची तळघरं, रोज नवी जागा. सिलिंडर खुंटीवरून काढायचा, काटा हिरव्यावर आहे का बघायचं, सिलिंडर चालू करायला जी पिन ओढावी लागते तिचं सील बघायचं, मग सिलिंडर उलटा करून त्याच्या बुडावर रबरी हातोडी मारायची. आतली पावडर बसून दगड झाली असेल तर ती अशाने सुटते. वॉचमनपासून साहेबापर्यंत सगळे त्यांना 'फायरवाले' म्हणत. नाव विचारायची गरज कोणाला पडली नाही, आणि यांनीही ते कोणाच्या गळ्यात मारलं नाही.

त्यांचा जीव खरा रमायचा तो ड्रिलमध्ये. वर्षातून एकदा प्रत्येक ऑफिसात आग लागल्याचं नाटक करायचं, घंटा वाजवायची आणि माणसं जिन्याने खाली उतरतात कशी ते घड्याळ लावून बघायचं. यात त्यांचे दोन नियम होते. पहिला, आधी सांगायचं नाही. एकदा एका मॅनेजरच्या आग्रहाखातर त्यांनी आदल्या दिवशी सूचना लावली, तर दुसऱ्या दिवशी घंटा झाल्यावर लोक केस विंचरून, डबे घेऊन, जोडीजोडीने गप्पा मारत उतरले. दोघं तर परस्पर सिनेमाला गेले. दुसरा नियम, शेवटी खणखणीत आवाजात 'सराव होता, सराव संपला' असं ओरडायचं. हा नियमही ठेच लागून आलेला. एका गोदामातला हमाल ही घोषणा न ऐकता जो पळाला तो थेट गावाबाहेर बहिणीकडे जाऊन बसला आणि बहिणीला रडत सांगू लागला की गोदाम जळालं.

एवढ्या वर्षांच्या ड्रिलमधून त्यांनी जगाविषयी एकच मत बनवलं होतं आणि ते कोणालाही, न विचारता, सांगायची त्यांची तयारी असे. "सिलिंडर चांगलाच असतो हो. त्या दिवशी पिन कोण ओढणार, ते बघा."

विम्याचा विषय घरात निघाला तो त्यांच्या सोबत्यामुळे. हा सोबती वर्कशॉपमध्ये सिलिंडर भरायचा. धडधाकट माणूस, एका सकाळी आरशासमोर दाढी करता करता गेला. त्याने विमा काढला होता, आणि कुठल्या एजंटाच्या पाया न पडता थेट फोनवरून काढला होता. त्याचं त्याला भारी कौतुक. "मधला माणूस उडवला," असं तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगायचा. पण तो फोन उघडायचा त्याच्या अंगठ्याने. अंगठा त्याच्याबरोबर गेला. घरच्यांना एवढंच माहीत की विमा आहे. कोणत्या कंपनीचा, कुठे जायचं, कोणाला विचारायचं, काही पत्ता नाही. शेवटी मिळाले पैसे, नाही असं नाही. पण तोवर त्याच्या बायकोने खेटे घालून घालून चपला झिजवल्या, चार ऑफिसांत भांडणं केली, एका टेबलावर तर हात आपटून काच तडकवली.

फायरवाले हे सगळं ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःची बायको येत होती. तडकलेल्या काचेपाशी तिला उभं करून बघायचा त्यांनी प्रयत्न केला, पण काही केल्या ती तिथे उभी राहीना.

कारण ती घरात वाघीण होती आणि उंबरठ्याबाहेर मुकी. खिडकीपाशी तिचं शिलाईयंत्र होतं. पडद्यांच्या दुकानातून कापड यायचं, सोबत मापाची चिठ्ठी, आणि पडदे शिवून झाले की दुकानाचा माणूस घेऊन जायचा. या सगळ्या व्यवहारात एक शब्द बोलावा लागत नसे, म्हणून तर तिने हे काम धरलं होतं. यंत्र चालवता चालवता ती नवऱ्याच्या, मुलीच्या, शेजारच्या जिन्यातल्यांच्या आणि एकूण जगाच्या चुका अशा काही काढायची की ऐकणाऱ्याने लिहून घ्याव्यात. पण अनोळखी माणूस समोर आला, किंवा फोनमधून नुसता बोलला, की तिला शब्द फुटेना. एकदा विजेचं बिल चुकीचं आलं म्हणून ती ऑफिसात गेली. खिडकीतल्या माणसाने वर न बघता "बोला" म्हटलं. ती तशीच मागे फिरली आणि घरी येऊन म्हणाली, "फार गर्दी होती." बिल फायरवाल्यांनी गुपचूप भरून टाकलं. फोन तर ती उचलतच नसे. वाजून वाजून तो थकला की ती नवऱ्याला सांगे, "तुमचं कोणीतरी होतं."

तेव्हा विमा घ्यायचाच, हे ठरलं होतं. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपण गेल्यावर हिला कोणाशी बोलावं लागणार? पैसे मिळतील ते मागणाऱ्याला, आणि ही मागणार नाही. उपाशी राहील, पण खिडकीपाशी जाऊन "माझा नवरा गेला" असं परक्या माणसाला सांगणार नाही. ही गोष्ट त्यांच्या मनात अशी रुतून बसली की सिलिंडरवर हातोडी मारतानाही सुटेना.

मुलीने फोनवर एका वाक्यात निकाल लावला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि तिच्याकडे वेळ कमी असायचा. "बाबा, एजंट कशाला? फोनवर दहा मिनिटांत होतं. स्वस्त पडतं. माझं असंच आहे."

"आणि तुझ्या आईला?"

"मी आहे ना."

"तू आहेस गं. पण तू तिथे आहेस."

मुलगी म्हणाली, "एजंट म्हणजे काकाच ना शेवटी? बघा बाबा. तुमची मर्जी."

हे काका म्हणजे फायरवाल्यांचे साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. साडूभाऊ विम्याचे एजंट होते आणि सगळ्या नात्यात त्यांचा एकच लौकिक होता. ते कुठेही वेळेवर पोचत नसत. उशीर झाला की फोन करावा, तर तिकडून हसरा आवाज यायचा, "निघालो!" हे 'निघालो' म्हणजे नक्की काय, याचा अभ्यास सगळ्या घराने केला होता. 'निघालो' म्हणजे दाढीचा साबण लावलाय. 'निघालोच' म्हणजे शर्ट इस्त्रीला दिलाय. 'हा काय, पोचलोच' म्हणजे किल्ली सापडत नाहीये. मुलगी लहानपणी त्यांना निघालोपंत म्हणायची, आणि त्यांना ते कळल्यावर त्यांनीच ते नाव सगळ्यांना सांगितलं. माणूस दिलदार, पण वरातीमागून घोडं आणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची बॅग. चेन तुटलेली, पत्रकं कोंबून गरोदर झालेली, काखेत कायम. बारशाला बॅग, लग्नाला बॅग. चहाचा कप घेतानाही ती मांडीवर असायची.

त्या रविवारी साडूभाऊ आले. दहाला येतो म्हणाले होते, साडेबाराला आले. चपला पॅसेजमध्ये काढल्या, फायरवाल्यांनी त्या उचलून ठेवल्या. मग बॅगेतून रंगीत पत्रकं निघाली. बोनस, परतावा, अमुक वर्षांनी अमुक. कंपनीने त्यांना एका थंड प्रदेशात फिरायला नेलं होतं, तिथला टाय घातलेला फोटोही निघाला. फायरवाले ऐकत राहिले. त्यांना हवं होतं ते या पत्रकांत कुठे नव्हतं.

"साडूभाऊ, हे सगळं ठीक. पण मी गेल्यावर?"

"छे छे, दादा! शंभरी गाठणार तुम्ही."

"मग विमा कशाला विकताय?"

साडूभाऊ मोठ्याने हसले. स्वयंपाकघरातून बायकोही हसली. प्रश्न तसाच राहिला.

साडू गेल्यावर फायरवाल्यांनी बायकोला विचारलं, "काय करू? यांच्याकडून घेऊ?"

"माझ्या बहिणीचा नवरा आहे म्हणून घेऊ नका," ती पडद्याला दुमड घालत म्हणाली. "आणि माझ्या बहिणीचा नवरा आहे म्हणून सोडूही नका."

असा सल्ला मिळाल्यावर माणसाने दुसरं काय करावं? फायरवाल्यांनी त्यांना येत होतं ते केलं. त्यांनी ठरवलं की ड्रिल घ्यायचं.

आता आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही असं सगळेच म्हणतात, पण तो बघण्यासाठी घरातल्या घरात सराव घेणारा माणूस विरळा. शनिवारी अर्धी सुट्टी असायची. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी बायकोला समोर बसवलं, आपला फोन तिच्या हातात दिला आणि सांगितलं, "समज, मी गेलो."

"कुठे?"

"गेलो म्हणजे गेलो. वारलो."

बायकोने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "काहीतरीच काय?"

"अगं, सराव आहे. आधी पोरीच्या विमा कंपनीला फोन करायचा, मग तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला. जो तुला धड बोलू देईल त्याच्याकडून विमा घ्यायचा. मी इथे बसतो. मी नाहीच आहे असं समज."

"नाहीत तर मग बोलताय कशाला?"

मेलेल्या माणसाने मध्ये बोलायचं नसतं, हे मान्य करून फायरवाले स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले. हातात घड्याळ. बायकोचा चेहरा त्यांना बाजूने दिसत होता. ती चिडली होती, पण नवऱ्याने एकदा डोक्यात घेतलेली गोष्ट जात नाही हे तिला लग्नापासून माहीत होतं. तिने नंबर लावला.

कंपनीच्या फोनवर आधी गाणं लागलं. मग एका यंत्राने गोड आवाजात नव्या पॉलिसीसाठी एक, हप्त्यासाठी दोन आणि मृत्यूच्या दाव्यासाठी तीन दाबायला सांगितलं. तिचं बोट तीनवर जाऊन थबकलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. मेलेल्या नवऱ्याने मानेने खूण केली. तिने तीन दाबलं. पुन्हा गाणं, मग कंपनीतली एक मुलगी. "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

बायकोचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"हॅलो? आपण बोलू शकता."

आपण बोलू शकता, असं कोणी सांगितल्याने बोलता आलं असतं तर काय हवं होतं. त्या मुलीने दोनदा, तीनदा हॅलो केलं, मग आवाज येत नसल्यामुळे फोन बंद करत असल्याचं नम्रपणे सांगितलं आणि बंद केला. तिची काही चूक नव्हती. तिने तरी गप्प माणसाचं काय करायचं?

"आता साडूभाऊ," फायरवाले म्हणाले.

"मला नाही जमायचं."

"ते तर ओळखीचे आहेत. घरचे आहेत. बोल."

तिने फोन लावला. दोनच घंट्या झाल्या आणि नेहमीचा हसरा आवाज खोलीभर ऐकू आला. "बोला दादा! केलात विचार? मी म्हटलंच होतं..."

ती बोलायला गेली. घरचा माणूस होता, शब्दही दोनच होते. पण ते दोन शब्द नुसते तोंडात आणले आणि तिची बोबडीच वळली. समोर स्टुलावर नवरा बसला होता, बनियनवर, चांगला जिवंत, आणि तरी तिच्या डोळ्यांना धार लागली.

"दादा?" तिकडचा आवाज म्हणाला. मग अगदी वेगळ्या, हळू आवाजात, "ताई? तुम्ही आहात का?"

तिने मान हलवली. फोनमध्ये मान हलवून काय उपयोग?

"निघालो," साडूभाऊ म्हणाले आणि फोन बंद झाला.

फायरवाल्यांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंस? निघालो म्हणे! इथे माणूस मेलाय आणि यांचं आपलं निघालो. आता येतील संध्याकाळी उगवून." त्यांना वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की ते असे मोठ्याने बोलत. दोन्ही फोन वाया गेले होते. बायको कोणाशीच बोलू शकली नव्हती. म्हणजे ज्याची भीती वाटत होती तेच खरं, आणि ते आता घड्याळ लावून सिद्ध झालं होतं.

बायकोने पदराने डोळे पुसले. "अहो, त्यांना फोन करा. सांगा, सराव होता."

तेव्हा कुठे फायरवाल्यांच्या डोक्यात उजेड पडला. दुसरा नियम! हजार माणसांना जिन्यावरून उतरवणारा हा माणूस घरच्या ड्रिलमध्ये 'सराव संपला' ओरडायला विसरला होता. त्यांनी घाईघाईने फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"अंघोळीला गेले असतील," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

"या वेळी?"

"मग झोपले असतील."

बायकोने चहा ठेवला. चहा अजून उकळला नव्हता तोच जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी सोडून चढणारी, घाईची, मध्येच कठड्याला धडकणारी. दारावर थाप पडली. बेल होती, पण थापच पडली.

फायरवाल्यांनी दार उघडलं.

साडूभाऊ उभे होते. शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली, एका पायात चामडी चप्पल, दुसऱ्यात न्हाणीघरातली रबरी. तोंड घामाने आणि कशाकशाने ओलं. त्यांनी फायरवाल्यांकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. आत बायको उभी दिसली तशी त्यांची मान पुन्हा वळून फायरवाल्यांवर आली.

"ताई बऱ्या आहेत," ते म्हणाले. "तुम्ही... तुम्ही बरे आहात."

"हो. ते... आम्ही जरा सराव..."

"कसला सराव?"

फायरवाल्यांनी सांगितलं. सांगताना ते त्यांनाच मूर्खपणाचं वाटू लागलं, पण अर्ध्यात थांबता येईना. साडूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, मग खालीच, पॅसेजमध्ये, जिथे चप्पलही ठेवायची परवानगी नव्हती तिथे बसकण मारली.

"लाज वाटत नाही दादा तुम्हाला?" ते ओरडले. या माणसाला ओरडताना घरात कोणी ऐकलं नव्हतं. "लाल दिवा बघितला नाही मी वाटेत. एक बाई गाडीखाली येता येता वाचली. फोन खिशात वाजत होता, हिंमत झाली नाही बघायची. वाटलं, आता कोणीतरी बोलून सांगणार!"

बायकोने पाणी आणून दिलं. प्यायला घेतलेल्या पेल्यातलं अर्धं पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं.

"चुकलं माझं," फायरवाले म्हणाले. ते मनापासून म्हणाले. "पण तुम्हाला कळलं कसं? ही तर एक शब्द बोलली नाही."

"म्हणूनच." साडूभाऊंनी तोंड पुसलं. "फोन तुमचा, आणि तुम्ही बोलत नाही. तुम्ही आणि गप्प? आणि ताईंनी आजवर मला फोन केलाय कधी? दादा, मी पंचवीस वर्षं हेच करतोय. असे फोन येतात. बोलतात त्यांचं मी लिहून घेतो, उद्या येतो म्हणतो. जे बोलत नाहीत त्यांच्याकडे लगेच जायचं असतं."

"बहिणीला सांगितलंत?" बायकोने विचारलं. आता तिला आवाज आला होता.

"नाही. आधी डोळ्यांनी बघायचं, मग सांगायचं."

फायरवाल्यांचं लक्ष तेव्हा साडूभाऊंच्या काखेकडे गेलं. काख रिकामी होती. बॅगेशिवाय साडूभाऊ त्यांनी पहिल्यांदाच बघत होते आणि ते कोणी दुसरेच, जरा बारीक झालेले वाटत होते.

"बॅग विसरलात," ते म्हणाले.

"विसरलो नाही. त्या दिवशी न्यायची नसते." साडूभाऊ भिंतीला धरून उठले, आत आले आणि खुर्चीवर बसले. राग ओसरला होता, थकवा उरला होता. "आणि आता ऐका. माझ्याकडून घेऊ नका विमा. पोरगी सांगते तसा फोनवरून घ्या, स्वस्त पडेल. मला काय, मी तसाही येणारच आहे."

ड्रिलचा निकाल असा लागेल हे फायरवाल्यांच्या हिशेबात नव्हतं. ते मधला माणूस शोधायला निघाले होते, आणि हा मधला माणूस स्वतःच बाजूला होत होता.

चहा झाला. कप रिकामे झाले. आणि मग बायकोने, उभ्या उभ्या, हाताची घडी घालून, नवऱ्याकडे बघितलं.

"आता तुमची पाळी."

"कसली?"

"समजा, मी गेले."

"अगं, काहीतरीच..."

"मला बसवलंत ना मघाशी? समजा, मी गेले. यंत्र बंद पडलंय. तुम्ही घरात आहात. करा फोन."

फायरवाले हसले. मग हसणं आटोपलं, कारण ती हसत नव्हती. त्यांनी फोन हातात घेतला. एवढ्या वर्षांत, एवढ्या ड्रिलांत, आगीचे सगळे प्रकार त्यांनी कल्पून पाहिले होते. वीज, तेल, गॅस, कचऱ्याची पेटी. स्वतःचं मरणही कल्पून झालं होतं. हे मात्र कधी मनातही आलं नव्हतं. जाणार ते आपण, राहणार ती ही, हे त्यांनी कोणालाही न विचारता गृहीत धरलं होतं. आणि बोलता येत नाही ते हिला, आपल्याला येतं, हेही.

मुलीला लावावा? मुलगी लांब, तिला एकदम कसं सांगायचं. शेजारी? मालक? त्यांचं बोट फोनच्या पडद्यावर फिरत राहिलं. अख्ख्या शहरातल्या ऑफिसांचे नंबर त्या फोनमध्ये होते. शेवटी बोट एका नावावर थांबलं.

खोलीतच, समोरच्या खुर्चीवर, खिशात फोन वाजला. साडूभाऊंनी तो बाहेर काढला, नाव बघितलं आणि हसले नाहीत. फोन कानाला लावला.

"बोला, दादा."

फायरवाल्यांनी तोंड उघडलं. "ती..." एवढं आलं. पुढे काही येईना. समोर ती उभी होती, हाताची घडी, कपाळावर घामाचे थेंब, पदराला कुठल्याशा पडद्याचा धागा चिकटलेला. तो धागा त्यांना दिसत होता, आणि शब्द मिळत नव्हता. ते फोन कानाला लावून नुसते उभे राहिले.

"निघालो," साडूभाऊ म्हणाले.

त्यांनी फोन खिशात टाकला, खुर्चीवरून उठले, खोली ओलांडून आले आणि फायरवाल्यांच्या शेजारी उभे राहिले. त्यांचा खांदा यांच्या खांद्याला लागला.

"सराव संपला," बायको म्हणाली.

फायरवाल्यांनी फोन कानावरून काढला नाही.

"अहो, संपला म्हटलं ना. सराव होता." तिने पुढे होऊन त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि यंत्रावर ठेवला.

"उद्या बॅग घेऊन या," फायरवाले साडूभाऊंना म्हणाले. "दोघांचा काढायचाय."

"सकाळीच येतो."

"म्हणजे दुपारी," बायको म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.